रोग न लागणारा गुलाब

७ सप्टेंबर
शिवमंदिराजवळच्या नर्सरीतून गुलाब आणला. फुटभरच वाढतो, रोग लागत नाही, भरपूर फुलतो. चिठ्ठीवर लिहिलंय, नारिंगी फोटोसकट. नर्सरीवाला कलम, बुडाचा फुटवा असं कायकाय सांगत होता. मला माणसांसमोर घाम येतो. नुसती मान हलवली. यूट्यूबवर सगळं असतं.

८ सप्टेंबर
पप्पांशी डील झाली. म्हणजे ते बोलले, मी ऐकलं. नववीत शाळा सोडलीस, दीड वर्ष घरात बसलायस. ३० नोव्हेंबरपर्यंत या झाडाला एक फूल आणून दाखव, पालेगावच्या नाक्यावर रोपांची गाडी लावून देतो. नाही आलं तर कैलासमामासोबत एमआयडीसीत हेल्पर.
एकच फूल. हसायला आलं.
गाडीवर गिऱ्हाईक बोलणार, हे टेन्शन. बोर्ड लावीन: भाव लिहिलाय, विचारू नये.

२१ सप्टेंबर
झाडाला बुडातून नवीन फांदी. जाड, सरळ, आठ दिवसांत गुडघ्याला आली. जुन्या फांदीला पाच-पाच पानं, हिला सात-सात. याला प्रगती बोलतात. जुनी अजून वीतभरच. आळशी.
शेजारची वेणूआजी भिंतीवरून बोलली, आरं, ती बुडातली जंगली हाय, तोडून टाक, कलमाचं समदं तीच खाते. मी मान हलवली. आजीने जन्मभर भात लावला, तिला गुलाबातलं काय कळणार.

४ ऑक्टोबर, सकाळी ११
मोठा निर्णय. आळशी फांदी कापली. व्हिडिओवाला बोलतो, कमजोर कापा, ताकद वाचवा. माझं पण तेच मत होतं. तुकडे भिंतीपलीकडे फेकले. आजीने ते उचलले, कपाळाला हात लावला. तिची नात किर्ती माझ्याकडे बघून हसली. इम्प्रेस झाली बहुतेक.

२ नोव्हेंबर
झाड छातीला लागलं. चिठ्ठीवर फुटभर लिहिलेलं, मी चार फुटांवर नेलं. एक डाग नाही, कीड नाही. कळी पण नाही, पण ताकद साठवतंय. काट्यात मम्मीचा गाऊन फाटला. पप्पा बोलले, बाभूळ लावलीस काय.

२३ नोव्हेंबर
कळी नाही. आजीच्या भिंतीवर तेलाच्या डब्यात काहीतरी हिरवं आलंय. वीतभर. मी तिकडे बघतच नाही.

२४ नोव्हेंबर
डब्यातल्याला पाच-पाच पानं. कळी एक. चुकून दिसलं.

३० नोव्हेंबर
डब्यात फूल आलं. नारिंगी. पप्पा भिंतीपाशी थांबले, चिठ्ठीवरचा फोटो आणून शेजारी धरला. आजी लगेच बोलली, तुमच्या पोराच्याच हातचं हाय ओ. पप्पांनी मला विचारलं, तू लावलंस? मी सवयीने मान हलवली. तेवढ्यात किर्ती बोलली, काका, त्याने लावलं नाय, फेकलं. आजीने डब्यात खोचलं.
पप्पा पहिल्यांदाच एवढे हसले. मग मामाला फोन लावला.

१ डिसेंबर, सकाळी ६
मामाची रिक्षा दारात. मामा बोलला, कंपनीत ऑफिससमोर गुलाबाच्या कुंड्या आहेत, सगळी झाडं बुटकी.
जाणकार माणूस नसणार त्यांच्याकडे. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत कात्री टाकली.