आंबीच्या फाट्यावर सांडलेले क्रेट

३ नोव्हेंबर, सोमवार
शनिवारी उशिरा आलेल्या गाडीतले धुवायचे क्रेट आज स्कॅन केले. बरेच कमी! तेवढ्यात कंपनीतून क्रेटचा हिशेब ठेवणाऱ्या मॅडमचा फोन. "यास्मिन, आमच्या गेटमधून सगळे गेलेत. स्क्रीनवर ते अजून 'रस्त्यात' दिसतायत."
पूर्वी लाकडी खोकं हरवलं तर अब्बा नवं ठोकून द्यायचे, विषय संपला. आता खोकीच बंद. कंपनीचे निळे क्रेट धुवायचं काम मिळालं म्हणून आमची सोमाटण्याची शेड चालू आहे. तेही गेलं तर...

संध्याकाळी गाडी चालवणाऱ्या बबनभाऊंनी आपणहून टेम्पोचा मागचा फाळका दाखवला. कडी वाकलेली. "ताई, आंबीच्या फाट्याला गाडी आदळली. मागं बघितलंच न्हाई मी." रागवायचं होतं. त्यांचा चेहरा बघून जमलं नाही.

४ नोव्हें.
बबनभाऊंबरोबर आंबी. पहिल्याच अंगणात निळा क्रेट, त्यात झोडलेला भात. पुढच्या घरी भांडी. एकात शाळेची पुस्तकं. लोकांची काय चूक? रस्त्यात पडलेली चांगली वस्तू. मागायची लाज वाटत होती.
ओट्यावर एक म्हातारे बसलेले, किसनआबा. त्यांना सगळं सांगितलं.
"यानं तुजं काम जाईल व्हय?"
"जाऊ शकतं, आबा."
उठले, काठी घेतली, आमच्यापुढं दारोदार. "रिकामं कर गं ते. पोरीचं पोट हाय त्याच्यावर." कुणी वाकडा शब्द बोललं नाही. एका मावशीनं तर घासूनपुसून दिला, वर चहा पाजला.
शेवटचा आबांच्याच घरी निघाला. आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. आबा ओशाळले. "आता उठवली तर अंडी वाया जात्याल बग." राहू दिला.

५ नोव्हें.
मॅडमना खरं तेच सांगितलं, कोंबडीसकट. खूप हसल्या त्या. "स्क्रीनवर कोंबडीचा रकाना नाही गं. 'येणे बाकी' म्हणून ठेवते, साहेबांना मी सांगते. पण लवकर आण." अल्ला त्यांचं भलं करो. दुसरं कुणी असतं तर सरळ दंड लावला असता.

७ नोव्हें., शुक्रवार
दुपारी शेडच्या मागून ठोकाठोक ऐकू आली. किती महिन्यांनी! जाऊन बघते तर अब्बा. जुम्म्याची नमाज पढून आले ते थेट तिकडंच. खोक्यांच्या उरलेल्या फळ्यांचं खुराडं चाललेलं. जाळी, सरकतं दार, सगळं.
"त्या आबांना सांग, अंधार पडायला लागला की कोंबडी हलवायची. मग ती बिथरत न्हाई."
"तुम्हीच चला ना सांगायला."
खिळा ठोकून झाला. दुसराही. मग म्हणाले, "चल की."

८ नोव्हें.
दिवेलागणीला आंबी. दोघं म्हातारे खुराड्यापुढं उकिडवे. आबांनी कोंबडी उचलली, अब्बांनी एकेक अंडं. जरा फिसकारली, मग बसली बाई. आबा दारावरून हात फिरवत म्हणाले, "लय झ्याक केलंय, भाऊ." येताना बबनभाऊ गाणं लावत होते तर अब्बा नको म्हणाले नाहीत. एरवी म्हणतात.
आबांनी इंद्रायणी तांदूळ बांधून दिलाय. उद्या भात.

१० नोव्हें.
कोंबडीचा क्रेट धुऊन स्कॅन केला. हिशेब जुळला. किती माणसांचे उपकार, कुणाकुणाचं नाव लिहू.
दुपारी मॅडमचा फोन. नव्या वर्षात कंपनी आतच धुलाईचं मशीन बसवायचं म्हणतेय. "काम तुमच्याकडंच राहावं म्हणून मी बोललेय. पण काय ठरेल सांगता येत नाही गं."
अब्बांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला स्कॅनर घेतला, उलटासुलटा करून बघितला.
"काम हाय तवर मी बी करीन. कुटं दाबायचं, दाखव."
दाखवलं.