खिडकीखालचा उतार

मी, हेल्मी कांगास, कै. आर्वो कांगास यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार टॅमरॅक खोरे, बॉनर काउंटी, आयडाहो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कमरेचं हाड नाही. ते मार्चमध्ये सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरच्या बर्फावर मोडलं. त्याचा मृत्युपत्राशी काही संबंध नाही असं वकील म्हणाले. संबंध आहे, आणि तो पुढे येईल. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं आर्वोला दिलं होतं, आणि तो माझ्याआधीच निघून गेला.

कलम १. बँकेत जे काही शिल्लक असेल ते, तांब्याची कॉफीची किटली आणि आईचे विणलेले रुमाल माझी मुलगी मार्टा हिला मिळावेत. पुल्ला या आमच्या गोड फिनिश पावात वेलदोडा किती घालायचा ते मी तिला अनेकदा सांगितलं आहे. ती कमीच घालते आणि कमीच घालत राहील. मार्टाने आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याचा फोटो मोठा करून आपल्या दिवाणखान्यात लावला आहे. तो तिने उतरवावा. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम २. आर्वोची दोन माणसांनी ओढायची करवत, त्याच्या कुऱ्हाडी, ओंडका फिरवायचा लोखंडी आकडा आणि शेवटच्या घोड्याचा खोगीरपट्टा ही सगळी अवजारं माझा मुलगा डेल याला मिळावीत. घोडे गेले आणि आर्वो नुसता पट्टा तेल लावून ठेवत बसला, म्हणून मी त्याला पुष्कळ चिडवलं. पट्टा अजून मऊ आहे.

याच कलमाखाली स्वयंपाकघराच्या फळीवरची राखेची बरणीही डेलची. ऐंशी साली मे महिन्यात सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला तेव्हा भर दुपारी दिवे लावावे लागले होते, आणि अंगणात नखभर राख पडली होती. खोऱ्यातल्या प्रत्येक घरात अशी एक बरणी आहे. सगळे राख झाडून गटारात लोटत होते आणि आर्वो कमरेत वाकून ती बरणीत भरत होता. मी म्हटलं, "केर काय भरून ठेवतोस?" तो म्हणाला, "एवढीशी पडली तर तुम्ही घाबरलात. आपला उतार ज्या राखेचा झालाय ती हजारो वर्षांपूर्वी हातभर पडली होती, हेल्मी. तेव्हा कुणाच्या हातात झाडू होता?"

कलम ३. सिगर्ड ब्रेक्के, आमच्या खालच्या अंगाला राहणारा शेजारी, विधुर, जातिवंत नॉर्वेजियन. याला मी काहीही ठेवत नाही. त्याने राग मानू नये. आर्वोच्या दफनाच्या वेळी तो कॉफीला "गरम पाणी" म्हणाला होता, ते मी विसरलेले नाही, पण कारण ते नव्हे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील सांगतात, आणि मला साक्षीदार म्हणून सिगर्डच हवा आहे. तो दुधाच्या डब्यावरचंही शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय डबा उघडत नाही. तेव्हा हे सगळं तो वाचेल. त्याच्या तोंडावर बोलायची हिंमत मला झाली नाही, म्हणून हा मार्ग.

सिगर्ड, जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर वरच्या झऱ्यावरून येणाऱ्या तुझ्या नळाला पिवळं पाणी आलं. तू माझ्या दारात पेला घेऊन उभा राहिलास. "हेल्मी, हे बघ. झऱ्यात काहीतरी झालंय. वर जाऊन बघू का?" मी म्हटलं, "झऱ्याला काय धाड भरलीय? तुझा पाइप गंजलाय. तुझ्यासारखाच." तू हसलास, आणि भर उन्हात म्हातारपणी सगळा पाइप खणून काढून नवा घातलास. मी पडद्याआडून बघत होते. पाइपाचा काही दोष नव्हता. ती माती आमच्या उतारावरून येत होती आणि मला ते तेव्हाही ठाऊक होतं. लिहितानासुद्धा माझे कान तापले आहेत.

कलम ४. घर, सौना आणि घराखालचा तळ्यापर्यंतचा जंगलाचा उतार.

हा उतार म्हणजे त्या जुन्या राखेची, वरची हातभर पिवळसर माती. चाळलेल्या पिठासारखी मऊ, उचलली तर हलकी. तिच्याखाली हिमनदीने आणून ठेचून बसवलेले दगडगोटे, त्यात पहार घातली तर पहारच वाकते. सीडर आणि हेमलॉक जगतात ते या वरच्या हातभर मातीवर. बर्फाचं पाणी ती धरून ठेवते आणि ऑगस्टमध्ये सगळं खोरं कोरडं पडतं तेव्हा झाडांना पुरवून पुरवून देते. मात्र ओली असताना तिच्यावर वजन आलं की ती दबते, आणि दबली की माणसाच्या हयातीत पुन्हा फुगत नाही. मग झाड येत नाही. नेचे येतात, घुशी येतात, आणि दोघांचं चांगलं जमतं.

अडचण अशी, की ओली असताना ती ओली दिसत नाही. म्हणून आर्वोची मूठ. बर्फ वितळायच्या दिवसांत ओंडके ओढायला निघण्याआधी तो टाचेने उकरून खालची माती मुठीत घ्यायचा आणि दाबायचा. कोरडी वाटणारी माती दाबता दाबता एकदम गिळगिळीत व्हायची आणि बोटांतून पाणी यायचं. पाणी आलं की आर्वो घोडे परत फिरवायचा आणि घरी येऊन कॉफी मागायचा. बाकीच्या टोळ्या कामावर, आणि आमचा कर्ता पुरुष चुलीपाशी. डेल लहानपणापासून ही मूठ बघत आला आहे.

मार्चमध्ये मी इस्पितळात पडले. तिथल्या खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसायची. एकदा डेल भेटायला आला असताना मी सहज म्हणून गेले, "घरी पडून राहायचं, तर निदान खिडकीतून तळं तरी दिसायला हवं होतं. इतकी वर्षं ऐकतेय त्याचा आवाज, बघितलं कधी नाही घरातून." म्हाताऱ्या माणसाने तोंड सांभाळावं. मी सांभाळलं नाही.

मला घरी आणलं त्या दिवशी डेलने दारातच माझे डोळे हाताने झाकले. हळूहळू चालवत नेलं, खुर्चीत बसवलं आणि हात काढला. समोर तळं होतं, निळंभोर, पार पलीकडच्या काठापर्यंत. मग माझी नजर खाली आली. घरापासून पाण्यापर्यंत एकही झाड नाही. स्किडरच्या, म्हणजे ओंडके ओढणाऱ्या त्या धूड यंत्राच्या, चाकांच्या खोल चाकोऱ्या, आणि त्या सारवलेल्या जमिनीसारख्या चकाकत होत्या. उरलेली वरची माती फांद्यांसकट खाली ढकलून तिचा ढीग केलेला. आईला तळं दाखवायच्या घाईत पोरगा मूठ दाबायला विसरला, हे मला तिथेच समजलं. दोन दिवसांच्या वाऱ्याने वरचा पापुद्रा पांढुरका झाला असेल, आणि तो त्यालाच भुलला.

मी म्हटलं, "किती सुंदर दिसतंय रे."

आणि तेच म्हणत राहिले. चर्चच्या बायका खिडकीत उभं राहून बघायला आल्या, त्यांनाही म्हटलं. "नशीबवान आहेस हो, असा मुलगा मिळायला," असं त्या म्हणाल्या, आणि मुलगा खरंच तसा आहे म्हणून मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. डेल रोज सकाळी येतो, माझी खुर्ची खिडकीकडे वळवतो आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून कॉफी पितो. स्वतःच्या कामाचं कौतुक बघायला लाजतो, असं मला वाटायचं. मी निळ्या पाण्याकडे बघत असते आणि खालच्या मातीवर उभा राहून आर्वो माझ्याकडे बघतो आहे असं वाटतं. मला या खिडकीची लाज वाटते. माझ्या इच्छेने उतार मेला, आणि ते माझ्या पोराला सांगण्याइतकंही धैर्य माझ्यात नाही. मी गेल्यावर वकिलाच्या तोंडून त्याला हे कळावं म्हणून हे कलम लिहिलं आहे.

उतार डेलला मिळावा. त्याच्यावर माझा राग नाही.

कलम ५. मला आर्वोच्या शेजारी पुरावं. माझं दहन करून राख उतारावर उधळायची कल्पना मार्टाच्या डोक्यात येईल, तिला आवरावं. तिथली राख फार जुनी आणि फार गुणाची आहे. तीत माझी भर नको.

इथवर लिहून मी ते वाचून पाहिलं. मेल्यानंतर पोराला असं सांगायचं, म्हणजे त्याला उत्तर द्यायचीही सोय ठेवायची नाही, हे मला वाचतानाच दिसलं. आज शनिवार, डेल सौना तापवायला आला होता. मी त्याला हाक मारली.

"सरपण राहू दे. इकडे ये. हे वाच."

"काय आहे? घर दिलंयस, की घराबाहेर काढलंयस?"

"वाच म्हणते ना."

तो नेहमीसारखा खिडकीकडे पाठ करून बसला. पाइपाचं वाचताना म्हणाला, "आई! तो बिचारा म्हातारा भर जुलैत खणत होता!" मग पुढे गेला. कलम ४ दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आई, मी मूठ दाबली होती."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. एकही झाड पाडायच्या आधी. मनगटापर्यंत पाणी आलं. बाबाच उभे राहिले डोळ्यांसमोर." तो हाताकडे बघत होता. "मग हात पँटला पुसला आणि मशीन सुरू केलं. तू शुक्रवारी घरी येणार होतीस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणालीस, किती सुंदर दिसतंय रे. त्यावर काय सांगणार होतो मी? मला वाटलं, तुला कळलं नाही. आणि रोज तू तेच म्हणायचीस. मला त्या खिडकीकडे बघवत नाही गं."

म्हणजे सगळा उन्हाळा आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, समोरासमोर बसून. आमच्यात लाज वाटली की माणूस कॉफी ओततो. त्याने माझ्या कपात ओतली, मी त्याच्या. दोन्ही कप आधीच भरलेले होते, टेबलभर झाली.

पुसता पुसता तो म्हणाला, "खालचा ढीग आहे अजून. चांगली माती आहे त्यात."

"मग वर आण."

"मशीन घातलं तर आणखी दबेल."

"मशीन कोण घालायला सांगतंय? बादली नाही का?"

"बादलीने? अख्खा उतार? जन्म जाईल माझा."

"मग? तुला कुठे जायचंय?"

तो हसला, आणि बऱ्याच महिन्यांनी मागे वळून त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

कलम ६. वरील कारणाने कलम ४ मध्ये पुढील अट घालण्यात येत आहे. डेलने ऑगस्टमध्ये, माती खरी कोरडी असताना, चाकोऱ्या हाताने फोडाव्यात. ढिगातली माती त्यावर पसरावी, फांद्यांनी झाकावी. घुशींचा बंदोबस्त करावा. आधी लार्च लावावा आणि त्याच्या सावलीला सीडर. दर वेळी मूठ दाबावी, आणि पाणी आलं तर घरी येऊन कॉफी प्यावी, मग लोक काहीही म्हणोत. खिडकीसमोर झाड वाढलं म्हणून ते छाटण्याचा अधिकार डेल, मार्टा किंवा त्यांच्यामागून येणाऱ्या कुणालाही राहणार नाही. मी आहे तोवर माझी खुर्ची आहे तिथेच, खिडकीकडे तोंड करून राहील. झाकपाक न करता मला ते बघायचं आहे.

या खुर्चीत बसलेल्या माणसाला तळं दिसेनासं होईल, त्या दिवशी या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुरी झाली असं समजावं.

सही: हेल्मी कांगास

आमच्या समक्ष सही झाली, लिहिणारी पूर्ण शुद्धीवर आहे:

साक्षीदार १: ओपल व्हिटकम, पोस्टमास्तर.

साक्षीदार २: सिगर्ड ब्रेक्के. सगळं वाचलं. पाइप तसाही बदलायलाच झाला होता. कॉफीबद्दल मी जे म्हणालो त्यावर ठाम आहे. माझ्याकडे दोन बादल्या आहेत.

ठिकाण: टॅमरॅक खोरे
दिनांक: ८ ऑक्टोबर २०११