पहिल्या नफ्याची दुपार

बाबा, माझं सगळं बिघडलं ते पहिल्यांदा पैसे मिळाले त्या दुपारी. कॉलेज अर्धवट टाकून मी शेअरच्या सौद्यांत पडलो होतो. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, सांडोरची आपली केळीची वाडी आई एकटीच बघत होती. त्या दुपारी माझा सौदा घसरत होता. ठरवलेल्या भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचं, त्याला स्टॉपलॉस म्हणतात. तो मी लावलाही होता, पण भाव तिथवर येतोय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी तो काढूनच टाकला. मग भाव उलटला. बाजार बंद होईपर्यंत पैसे तिपटीच्या वर गेले. चूक केली आणि वर बक्षीस मिळालं! त्यानंतर मी कुणाचं ऐकतोय?

आता तुमची केळी आठवतात. वाऱ्याचे दिवस जवळ आले की तुम्ही अर्ध्या झाडांवरचे घड कोवळेच उतरवायचात, दलाल देईल त्या भावाला. एका वर्षी वारा आलाच नाही. राहिलेले घड मस्त भरले, भावही चढला, आणि मी शाळेतून येऊन केळीच्या पाटीला लाथ मारली. "घाबरट आहात तुम्ही! सगळे ठेवले असते तर?" तुम्ही पाटी सरळ केलीत. "नाय आला वारा तं नाय आला. झोप तं लागली ना घरात. आता लाथ मारलीस ना, मग पानी लावायला तूच जा." मी तणतणत गेलो. या माणसाला पैसे कमवताच येत नाहीत, असं वाटलं होतं.

चंदनसारची एक मुलगी आहे, आमचं जमलंय. दवाखान्यात रिसेप्शनला बसते, नर्सिंगच्या फीसाठी पगारातून साठवते. तिच्या वडिलांनी मला एकदा विचारलं, "करतोस काय तू?" ते इतकं टोचलं की मीच तिला म्हटलं, फीचे पैसे दे, दुप्पट करून देतो. तिने दिले. परवा ते सगळेच्या सगळे एका सौद्यात घातले. ती शेजारी बसली होती.

"ए हिरो, लाल झालंय ते. काढ ना बाहेर."

"तुला कळतं काय त्यातलं?"

"मला माझे पैसे कळतात."

मी भडकलो. तिच्यासमोरच स्टॉपलॉस काढला. ती रागावून निघून गेली. या वेळी भाव उलटला नाही. संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं, निघालो वेळेत, पैसे आहेत.

आज फी भरायचा शेवटचा दिवस. सकाळपासून तिचे मेसेज येताहेत, "टाक ना रे, दुपारी खिडकी बंद होते." खात्यात थोडेच उरलेत. बाजार चालू आहे, आणि डोक्यात एकच, हे सगळे लावले तर आत्ता भरून निघेल. शेवटी उरलेले होते तसे तिला पाठवले. लगेच तिचा फोन आला. उचलला नाही. हे फोनवर सांगायचं नाही. तिच्या घरी जाऊन सांगायचं, वडिलांसमोर सांगावं लागलं तरी. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही.

हे तुम्हाला कुठून पोचणार. तरी एक सांगतो, लिहितालिहिता मी मध्येच उठून भाव बघून आलो. लॅपटॉप तसाच चालू आहे. आई वाडीतून यायच्या आत निघतो. चपला घातल्यात, दार ओढून घेतो.