दोनदा वळवलेल्या रेघा

प्रिय धाकटे,

सवयीने ‘प्रिय वेंधळे’ लिहिलं होतं, ते खोडलंय. का, ते पुढे कळेल.

बाबांचा गुडघा आता बरा आहे. जिना चढतात आणि चढताना जिन्यालाच रागावतात. संस्थेत आमचा मजला रंगवायला काढलाय, म्हणून मी कपाटं रिकामी करत होते. तळाच्या कप्प्यात आपल्या त्या अवकाशातल्या वायूच्या ढगाचा नकाशा सापडला, तू काढलेला पहिला.

आठवतं ना, एकाच टेबलावर बसायचो आपण. तू म्हणायचीस, ढग स्वतःच्याच भाराने आत कोसळू पाहतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं, पळत्या पोराचं बखोट धरावं तसं. तरी वायू त्या क्षेत्राच्या रेषांमधून हळूहळू निसटतो आणि लाखो वर्षांनी का होईना, तारा जन्मतो. आपल्या ढगात त्या रेषा मधोमध कमरेसारख्या आवळल्यात, हे पहिल्यांदा तुला दिसलं. ओढ आणि अडवणूक, दोन्ही एका चित्रात. मला तुझा हेवा वाटला होता, आज सांगते.

ढगातल्या धुळीकडून येणाऱ्या उजेडाच्या कंपनाची दिशा चुंबकीय रेषेला काटकोनात असते, म्हणून नकाशातली प्रत्येक रेघ एकदा काटकोनात वळवायची, ही आपल्या कामाची बाराखडी. नियतकालिकात छापलेल्या नकाशात रेघा न वळवलेल्या निघाल्या. तुझी ती कंबर कुठे दिसेचना. दुसऱ्या गटाने चूक चव्हाट्यावर आणली आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कामावर येणारी मुलगी, तिच्या हातून हे व्हायचंच, असं बाबासुद्धा म्हणाले. तू एकदाच म्हणालीस, “ताई, मी वळवल्या होत्या गं.” मग काम सोडलंस आणि शाळेत शिकवायला लागलीस.

नकाशाच्या कोपऱ्यात तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘वळवल्या’. तू विसरली असशील असं धरून, छापायला देण्याआधी मी त्या परत वळवल्या. तुला विचारलंही नाही. बाणाचं टोक नसलेली रेघ दोनदा काटकोनात वळवली की होती तशीच दिसते, जणू कुणी हातच लावला नाही. कागद आत्ता सापडला, पण चूक उघडी पडली त्याच दुपारी मला हे कळलं होतं. माझी कायमची नेमणूक व्हायची होती. म्हणून मी ते दडवलं. वेंधळेपणा एका दुपारचा, पुढची अकरा वर्षं निव्वळ भित्रेपणा.

आज सकाळी हे सगळं नियतकालिकाला लिहून कळवलं, संचालकांना सांगितलं, मग बाबांना. ते म्हणाले, “तिला मी काय काय बोललो गं.” ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. माफी कुठल्या तोंडाने मागू? नकाशा सोबत पाठवतेय. तू काढलास तसाच आहे, या वेळी मी काही वळवलेलं नाही.

तुझीच,
ताई