देवाजी भाऊजींचा कंदील

वाडी, नागपूर
ता. ३ फेब्रुवारी १९८७

ती. यमुताईस,
रुपरावचा सप्रेम जयभीम.

मौद्याहून पाठवलेलं तुझं कार्ड पोचलं. तुझ्या गोपिकाचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. आम्ही ठीक. तुझं घर आठवड्यातून एकदा उघडून झाडून घेतो. सासरी अजून किती दिवस राहायचं, आपल्या विहिरीचं पाणी कधी सुधारेल, असं तू विचारलंस. आधी तेच सांगतो.

जमिनीत मुरलेलं पेट्रोल काढायला आमच्या पेट्रोल डेपोने यंत्र आणलंय आणि ते तुझ्याच विहिरीवर बसवलंय. खालचा पंप पाणी ओढतो. पातळी उतरली की आजूबाजूचं पेट्रोल विहिरीकडे सरकतं आणि पाण्यावर तरंगतं. वरचा पंप तेवढंच उचलून पिंपात टाकतो. तो विजेवर नाही, दाबलेल्या हवेवर चालतो, ठिणगी नको म्हणून. यंत्र सांभाळायला साहेबांनी मलाच नेमलं, घर जवळ म्हणे. रोज सकाळी, पेट्रोल लागलं की रंग बदलणारा लेप लावलेली पट्टी सोडून मी थर मोजतो. दिवाळीत चार बोटं होता, आज दीड आहे. इंजिनियर म्हणतात अजून दोन वर्षं लागतील, आणि तरी पिण्याची हमी नाही. तेव्हा घाई करू नकोस.

मला काही वाटत नाही, ताई. मोजतो, जेवतो, झोपतो. परवा शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, "काहून गा, तुले त्या विहिरीपाशी बसवते तरी कसं?" बसवतं.

आता बारा तारखेचं. तहसिलीत चौकशी आहे, तुलाही नोटीस येईल. डेपोच्या कागदात लिहिलंय की देवाजी भाऊजींनी निष्काळजीपणे पेटता कंदील विहिरीत सोडला, म्हणून भडका उडाला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

भाऊजींनी चाळीसेक विहिरी उपसल्या असतील. उतरण्याआधी दरवेळी कंदील सोडायचे. विझला तर खालची हवा वाईट, जळत राहिला तर उतरायचं. वाडीत सगळेच असं करतात, त्यांच्याइतकं सांभाळून मात्र कोणी नाही. मागच्या मे महिन्यात त्यांनी तेच केलं. वाकून बघत होते, म्हणून सगळी आग तोंडावर आली.

आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले होते. हे तुला मी कधी सांगितलं नाही.

"रुपराव, पाण्याले मातीच्या तेलावानी वास येऊन राहिला गा. तुमच्या डेपोतलं तर काही नाही?"

"नाही जी," मी म्हणालो, "ट्रकांचा वास असन. गाळ सडला असन. उपसून घ्या."

मला माहीत होतं, ताई. आठ दिवसांपासून माल न काढताही टाकीतलं माप रोज उतरत होतं, आणि माप मीच घ्यायचो. साहेब म्हणाले, पट्टी चुकत असेल, कालचाच आकडा लिही, पुढच्या महिन्यात तुला कायम करायचं आहे. मी लिहिला. कायमही झालो.

दवाखान्यात भाऊजी तीन दिवस होते. तू बाहेर गेलीस की मी उशाशी बसायचो. "कंदील सोडाले चुकलो का गा मी?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, "आराम करा." स्वतःचीच चूक झाली असं समजून ते गेले. त्याची मला लाज वाटते. दुसरं काही वाटतच नाही, तेवढी लाज मात्र रोज वाटते.

बारा तारखेला मी हे सगळं सांगायचं ठरवलंय. पण साहेब समोर बसलेले असतील, आणि माझा भरवसा मलाच नाही. मी पुन्हा कागदातलंच बोललो, तर गप्प बसू नकोस. हे पत्र तहसीलदारांच्या टेबलावर ठेव. म्हणूनच खाली पूर्ण नाव लिहितो आहे.

रुपराव दादाजी मेश्राम
टाकीचं माप घेणारा,
पेट्रोल डेपो, वाडी