रिबिनीची गाठ

प्रिय तेजू,

रविवारी फोनवर मी "बघू" एवढंच म्हणाले, त्याचा तुला राग आला असणार. तुमच्या हॉस्टेलच्या फोनवर पंधरा मिनिटं मिळतात, तुझ्यामागे मुलींची रांग, आणि इकडे आई शेवंतीचे क्रेट उचलता उचलता माझ्या तोंडाकडे बघत उभी. तू म्हणालीस, "ताई, जानेवारीच्या कार्यक्रमाला घरटी एकच पास आहे. तू ये. आईला नको. तिला यातलं काही कळत नाही, आणि पुन्हा काहीतरी करून ठेवेल." फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "काय म्हणती?" मी म्हटलं, "बरी आहे. पाय दुखतात म्हणाली." ती लगेच तिळाचं तेल बघायला आत गेली. तुझ्या पुढच्या पार्सलमध्ये ती बाटली येईल. आज बुधवार. पेठला शाळेजवळच्या माझ्या खोलीत आहे, नववीच्या वह्या तपासून झाल्या आहेत, आणि इथे माझ्या तोंडाकडे बघायला कुणी नाही. म्हणून लिहिते.

आधी घरची खबर. दिवाळीला झेंडूने बरा हात दिला. आता शेवंती आणि गुलाब. मखमलाबादला या वर्षी थंडी लवकर आली, आण्णा सकाळी मफलर बांधून फुलं तोडतात आणि आम्हाला मात्र "कुठे आहे थंडी" म्हणतात. शेडमधला तुझा पाइप अजून तिथेच आहे. आण्णांनी विहिरीचा उरलेला लोखंडी पाइप भिंतीला ठोकून तुला धरायला दांडी करून दिली होती ना, तीच. शनिवारी मी त्यावर ओला टॉवेल टाकला तर म्हणाले, "ती तेजूची जागा हाय, उचल." वस्तीवरचे झुंबरतात्या आले होते. त्यांचं तेच जुनं, "काय गं मालन, पोरगी अंगठ्यावर उभं राहायला शिकती म्हणं. त्यानं फुलं जास्त तुटत्यात का?" आईने हार ओवता ओवताच, मान वर न करता सांगितलं, "वरच्या फांदीची तुटत्यात, तात्या. तुमचा हात जात नाय तिथली." तात्या चहा न घेताच गेले. मी इतकी हसले की आई मला रागावली.

तुला सुरुवात किती आठवते मला माहीत नाही, तू आठ वर्षांची होतीस. गंगापूर रोडला राकेश सरांच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता आणि स्टेजच्या सजावटीची फुलं आपली होती. आई टोपल्या उतरवत होती, तू तिच्या पदराला धरून. काम झालं, पैसे मिळाले, पण तू काचेच्या दारापासून हलेनास. आत तुझ्याएवढ्या मुली दांडीला धरून एकसारखा पाय पुढे सरकवत होत्या. आई तुला ओढून नेईल असं मला वाटलं होतं, कारण बाजारातून घरी जायला उशीर झाला होता. ती रिकामी टोपली उलटी घालून तिच्यावर बसली आणि म्हणाली, "बघू दे तिला." अर्धा तास तू बघत होतीस, आणि आई तुझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी तू हौदाचा कठडा धरून तेच करत होतीस. मी तेव्हा अकरावीला होते. मी आईला समजावलं की हे आपल्यासारख्यांचं नाही, हे बॅले, परदेशातलं नृत्य आहे, याला लहानपणापासून घर तसं लागतं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं सायन्स तरी आपल्या घरातलं कुठं होतं?"

मग ती स्कूटी शिकली. अडतिसाव्या वर्षी, नेसत्या साडीत, कालव्याच्या रस्त्यावर, आण्णा मागून धावत. पहाटे फुलबाजार, दुपारी शेत, चार वाजता तुला पुढे उभं करून गंगापूर रोड. बाकीच्या आया क्लास संपेपर्यंत गाडीत एसी लावून बसत, आपली आई पार्किंगमध्ये गोणपाट टाकून संध्याकाळचे गजरे करत असे. हे सगळं तू पाहिलेलं आहेस. पण आतून सरांचा आवाज यायचा तो ती ऐकत असे, हे तुला माहीत नसेल. तुमची ती फ्रेंच नावं तिला कानाने पाठ झाली. एकदा मी तुझ्याबरोबर सरावाला बसले होते आणि पुस्तकात बघून काहीतरी सांगत होते. आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, "पिलिएत खाली वाकताना तिचा डावा गुडघा आत पडतो, तो बघ आधी." मी पाहिलं. खरंच पडत होता.

आणि मुंबईचा तो मे महिना. तू अकरा वर्षांची. तीन आठवड्यांचं उन्हाळी शिबिर, ऐन लगीनसराईत. फुलवाल्याच्या घरातली बाई लगीनसराईत घर सोडते, हे आपल्या वस्तीत कुणाला पटेना. आण्णासुद्धा पहिल्यांदा लग्नांच्या ऑर्डरी मोजायला बसले. आई म्हणाली, "लग्नं पुढल्या वर्षी बी होतील. तेजू पुढल्या वर्षी अकराची नसंल." मावशीच्या घरी घाटकोपरला राहून ती रोज तुला शिबिराला नेत होती आणि जिन्यात बसत होती. तिथे पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी दोन मुलींना अंबाडा सुटला म्हणून बाहेर काढलं होतं, आठवतं? आईने जिन्यातच त्यांचे केस विंचरून असा घट्ट अंबाडा घातला की संध्याकाळपर्यंत एक पिन हलली नाही. चौथ्या दिवसापासून जिन्यात मुलींची रांग लागायला लागली. त्या बाई बाहेर येऊन बघून गेल्या आणि आईला आत खुर्ची देऊ लागल्या, तर ही म्हणाली, "नको, इथं उजेड चांगला हाय." तिला आत यायचं नव्हतं असं नाही गं. तुला अवघडल्यासारखं होईल असं तिला वाटत होतं. तू तेव्हा तिच्याशी जिन्यात फारसं बोलत नव्हतीस. मी तुला दोष देत नाही. अकरावीत असताना मीसुद्धा कॉलेजच्या फाटकाच्या अलीकडेच तिला थांबायला सांगायचे.

हे सगळं मी का उगाळते आहे, ते आता सांगते. संध्याकाळपासून इथपर्यंत तीनदा येऊन कागद बाजूला ठेवला.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. तुझ्या या नृत्याच्या निवासी शाळेची निवड चाचणी मुंबईत होती, तीन दिवसांवर. राकेश सरांनी मागवलेले, अंगठ्यावर उभं राहायचे कडक टोकाचे बूट, जे तू महिनाभर पायाला बसवत होतीस, ते अंगणातल्या मातीने मळले होते. तू क्लासला गेली होतीस. परत आलीस तेव्हा बूट आईच्या हातात होते, धुतलेले, आणि भिजलेल्या पापडासारखे मऊ. तू किंचाळलीस, "तुला काही कळत नाही ना, मग हात कशाला लावलास?" आई म्हणाली, "चुकलं माझं." त्यानंतर निवड होऊन हॉस्टेलला निघेपर्यंत तू तिच्या हातचं पाणी घेतलं नाहीस. हॉस्टेलला जाताना नाशिकरोड स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी तू मला मिठी मारलीस आणि तिला खिडकीतून हात केलास.

तेजू, ते बूट मी धुतले होते.

माझी बीएस्सीची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती. घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार होते. तुझे सगळे फॉर्म मी भरत होते, इंग्रजी पत्रं मी वाचत होते, आणि मला वाटत होतं की मुंबईच्या त्या लोकांसमोर आपण कशाने म्हणून कमी दिसता कामा नये. आपल्या शाळेत शनिवारच्या पीटीला पांढरे बूट तपासायचे. शुक्रवारी मी दोघींचे धुवायचे, आणि मळक्या बुटांची मुलगी रांगेबाहेर उभी राहायची. माझ्या डोक्यात तेच. पावडरीत भिजत घातले, ब्रशने घासले, आत कागद कोंबून गच्चीवर उन्हात ठेवले. त्या बुटांचं टोक म्हणजे खळीने चिकटवलेले कापडाचे थर असतात आणि खळ पाण्यात सुटते, हे मला कळायला हवं होतं. मी विज्ञान शिकलेली.

आईने ते गच्चीवरून खाली आणले तेव्हा मी रडत होते. तिने एकदा बूट दाबून पाहिला आणि तुझी पावलं वाजायच्या आत मला म्हणाली, "गप. मी धुतले म्हणून सांगायचं. परवा मुंबईला तिच्यासंगं आत तू जाणार, इंग्रजीत तू बोलणार. तिचं मन तुझ्यावरून उडालं तर ती पाय कसा टाकंल? मी अडाणी बाई. माझ्या हातून झालं म्हटलं तर कुणाला नवल वाटायचं नाय." वर तुझी शपथ घातली. आणि मी, जी मुलांना फळ्यासमोर उभं राहून खरं बोला म्हणून सांगते, दाराआड उभी राहून तुझं ते किंचाळणं ऐकत राहिले. तिचं म्हणणं खरं झालं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. कुणालाच नवल वाटलं नाही. तुला नाही, आण्णांना नाही, राकेश सरांनाही नाही.

अजून एक आहे. तुझा जुना जोड, ज्याचं टोक केव्हाच मऊ पडलं होतं, त्याला सरांनी आतून काहीतरी लावून पुन्हा कडक केलं. पण त्याच्या रिबिनी उसवल्या होत्या. आई शेडमध्ये बसली आणि तिने हार ओवायच्या पक्क्या दोऱ्याने चारही रिबिनी शिवल्या, टोकालाही टाके घातले. मग माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू शिवलं म्हण. माझा हात लागलेला ती घालायची नाय." तू ते घालून निवडली गेलीस आणि माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "ताई, तू होतीस म्हणून." मी तेही ठेवून घेतलं. तेव्हापासून दर वेळी राकेश सरांकडून तुझे नवे बूट येतात ते रिबिनी लावून मी पार्सल करते असं तू समजतेस. मी फक्त पत्ता लिहिते. तुझा झिजून परत आलेला जोड समोर ठेवून, कुठे रिबीन ओढली गेली, कोणत्या बाजूला जास्त घासलं, ते बोटांनी चाचपून ती नव्या जोडावर खूण करते. मागे तिने मला सांगितलं होतं की तुझा उजवा घोटा दुखत असणार, म्हणून मी तुला फोनवर विचारलं. तू म्हणालीस, "ताई, तुला इतक्या लांबून कसं कळलं?"

मला कळलं नव्हतं. यातलं ज्याला कळत नाही असं घरात कुणी असेल तर ती मी आहे.

माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नकोस. पत्र मिळाल्यावर क्लासला जाशील तेव्हा रिबीन उलटी करून बघ. शिवण संपते तिथे एक गाठ आहे. दोऱ्याचे तीन वेढे, आणि टोक त्याच वेढ्यांखालून परत काढलेलं. ती हाराची गाठ आहे, आपल्या शेडमध्ये रोज पडते. लहानपणी माझे गजरे अर्ध्या रस्त्यात सुटायचे म्हणून तूच मला चिडवायचीस. ती गाठ मला अजून येत नाही. दोन वर्षं तू आईच्या गाठीवर उभी आहेस. आणि ती मात्र तुझ्या एकाही कार्यक्रमात खुर्चीवर बसलेली नाही. कधी जिन्यात, कधी विंगेत अंबाडे घालत, आणि नाशिकच्या शेवटच्या कार्यक्रमाला तर दारात उभी होती, तू चिडलेली होतीस म्हणून, अंधारात.

पासवर नाव वीस तारखेपर्यंत लिहून द्यायचं आहे म्हणालीस. माझं लिहू नकोस. मालन कारभारी पिंगळे असं लिही. मी तिला गाडीत बसवून देईन, परतीचं बघेन, आणि तुला माझा राग आला तर तो माझाच आहे, मी घेईन. आधीच घ्यायला हवा होता. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिने घातलेली शपथ मी मोडली हे तिला कळू द्यायचं की नाही ते तू ठरव. पास आला की मी तिला इतकंच सांगणार आहे की तेजूने तुला बोलावलंय. ते तरी खरं असू दे.

तुझीच,
ताई