घोंगड्याचं बाळ

प्रिय सुकन्या,

परवा सकाळी बिरोबाची पूजा आटोपली आणि देवळातलं घोंगडं घरी आणून अंगणात पसरलं. आबांचं घोंगडं. त्यावर बसल्याशिवाय मला पूजा केल्यासारखं वाटत नाही, हे तुला माहीत आहे. मी नुसता त्याच्याकडे बघत उभा होतो. आई शेळ्यांना पाला टाकत होती. म्हणाली, "वाळवायला टाकलंस व्हय? का नुसतं डोळ्यानंच वाळिवतुयास?" मी तिच्याकडे कात्री मागितली. ती लगेच मिळाली नाही. ते पुढे सांगतो.

इतकी वर्षं आपलं 'अगं' आणि 'अहो'वर भागलं. कागदावर तुझं नाव लिहिलं आणि बरं वाटलं. घरी सगळं ठीक आहे. कपाळावर पांढरा टिळा असलेली शेळी व्याली, दोन्ही माद्या, पाटीच झाल्या. भाकरी आता मीच थापतो. पहिल्या दिवशी आईनं ती हातात फिरवून विचारलं, "हिची कड कुटली आन् मदला कुटला, तेवढं सांग." आता टोमणा मारत नाही, पण दुधात कुस्करूनच खाते. दवाखान्यापुढून जाताना तुझ्या खिडकीकडे मान वळते. मग आठवतं की तू पुण्यात आहेस, दीड वर्षासाठी, सुईणपणाचं नवं शिक्षण घेत.

रविवारी तुझा फोन आला. तू सांगितलंस, वर्गातल्या प्लास्टिकच्या बाळाचा खांदा अडकवून ठेवतात आणि तो सोडवून दाखवायचा, तोही एकेक पायरी मोठ्यानं बोलत. तुझा क्रम चुकला. मागची एक पोरगी हसली. तुझ्याहून लहान असलेल्या चेतना मॅडम म्हणाल्या, "काकू, पुन्हा करा." पुन्हाही चुकला. इतकी बाळंतपणं या हातांनी केली आणि आता बाहुलीपुढे नापास व्हायचं, असं म्हणून तू रडलीस. "शनिवारी न्यायला या," म्हणालीस. मी "येतो" म्हणालो. खरं सांगू का, मला आनंदच झाला. दुसऱ्याच दिवशी सोलापूरला जाऊन पुण्याहून परतीची दोन तिकिटं काढली. येताना तुझ्या आवडीची शेंगाचटणीही घेतली, कडक भाकरीबरोबर खायला.

पण मंगळवारी शेजारच्या शकुंतलाची पोरगी अंगणात आली. चालायला लागली आहे आता, नवी करडं बघायला रोज येते. मी गुळाचा खडा पुढे केला. तिनं उजव्या हातानं घेतला. दुसरा द्यायला गेलो तर हातातला पहिला तोंडात कोंबून पुन्हा उजवाच हात पुढे. डावा तसाच लोंबत होता. तिच्या जन्माच्या वेळी खांदा अडकला, वेळ नव्हता, तू ओढून जीव वाचवलास. शकुंतला आजही तुझ्या पाया पडते. पण तू त्या दिवशी घरी येऊन जेवली नाहीस. "ओढायचं नसतं, दुसरी रीत असते, ती मला कुणी शिकवलीच न्हाय," एवढंच म्हणालीस आणि पुढच्याच महिन्यात या शिक्षणासाठी अर्ज केलास. मला ते सगळं त्या गुळाच्या खड्यापाशी आठवलं.

म्हणून परवा देवाला विचारलं. देव काही बोलत नाही, पण नको म्हणाल्यासारखंही वाटलं नाही. आईला मात्र कात्री कशाला हवी ते सांगितल्यावर ती भडकली. "देवाचं घोंगडं कापतुयास? तुज्या बापानं थंडीत कुडकुडून ह्येला जपलंय!" तेवढ्यात ती पोरगी आली आणि घोंगड्यावर बसून एका हातानं लोकर उपटायला लागली. आईनं तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग आत गेली, कात्री आणली, सोबत दाभण आणि सुतळीही आणली. कापलं मी, शिवलं तिनं. बाळ शिवलं, आत लोकर भरली. बाळाच्या आईचं ओटीपोटही शिवलं, मांड्यांसकट. वाट किती रुंद ठेवायची यावरून माझ्याशी भांडली, "पाच जणांना मी जलम दिलाय, तू न्हाय," म्हणाली. बाळाला डोळे काढले, काजळ घातलं, गालावर तीट लावली. मग म्हणाली, "ह्या वयात मला बाळंतीण केलीस बग."

वर्गात एकच बाहुली, आणि भोवती बघणाऱ्या पंधरा जणी. हे तुझं तुझं आहे. खोलीचं दार लाव आणि कर. बाळंतिणीच्या मांड्या पोटाशी दुमड, दाब दे, पायऱ्या आपल्या बोलीत म्हण. चुकलीस तर हसायला कुणी नाही. लोकरीत भंडारा मुरलेला आहे, हात पिवळे होतील. होऊ देत.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तू रडली असतीस आणि माझ्या तोंडून पुन्हा "येतो" निघालं असतं, म्हणून लिहिलं. आपल्या गावचा धोंडीराम पुण्याच्या गाडीवर कंडक्टर आहे, तो गाठोडं न्यायला दारात उभा आहे. चटणी त्यातच आहे. शनिवारी मी येणार नाही. आज सकाळी सोलापूरला गेलो आणि दोन्ही तिकिटं रद्द करून आलो.

तुझाच,
बिरुदेव